पाणी जिरवणं गुन्हा होता तेव्हा

ज्यांना ऐकायला वेळ नाही आणि ज्यांचं नेटवर्क बोगद्यात गायब होतं, त्यांच्यासाठी आजचा भाग नेहमीप्रमाणे इथं लिहून काढलाय. थोडी काटछाट केलीय, बाकी बोललो तसंच.

आज आपल्याला झिम्बाब्वेला जायचंय आणि सुरुवात एका खटल्यापासून करायचीय. आरोपीचं नाव झेफनाया फिरी मासेको. गाव झ्विशावाने या खाणीच्या शहराजवळ. तीन हेक्टरच्या आत-बाहेरची घरची जमीन. आरोप असा, की हा माणूस आपल्याच जमिनीतल्या ओढ्यालगतच्या ओलसर पट्ट्यात शेती करतो. दारू गाळली नाही, लाकूड चोरलं नाही. ओल्या जागी पीक घेतलं, एवढंच. आणि या गुन्ह्यासाठी त्यांना एकदा नाही, तीनदा पकडण्यात आलं.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा वाटलं, अनुवादात काहीतरी गडबड असणार. आपल्याकडे 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे एसटीच्या मागे लिहिलेलं असतं. तिकडे त्याच कामासाठी मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहावं लागतं? पण गडबड नव्हती. तो कायदाच होता, आणि त्यामागे चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास होता. तो समजल्याशिवाय फिरींनी काय केलं हे कळत नाही, त्यामुळे आधी थोडं मागे जाऊ.

त्या देशाचं तेव्हाचं नाव दक्षिण ऱ्होडेशिया. १८९० पासून तिथं गोरे वसाहतवाले येत गेले. आधी सोन्यासाठी, आणि सोनं अपेक्षेइतकं निघेना तेव्हा शेतीसाठी. १९३० साली 'लँड अपोर्शनमेंट अॅक्ट' आला, म्हणजे जमीनवाटपाचा कायदा. लोकसंख्येत पाच टक्क्यांच्या आसपास असलेल्या गोऱ्यांच्या वाट्याला देशाची साधारण निम्मी जमीन गेली, आणि तीही पाऊस बरा असलेल्या पठारावरची. आफ्रिकन लोकांसाठी 'रिझर्व्ह' राखून ठेवले. तिथली जमीन बहुतेक वाळुसर, हलकी आणि पाऊस बेभरवशाचा. फिरींच्या भागात वर्षाला सरासरी साडेपाचशे-पावणेसहाशे मिलिमीटर पाऊस. पण सरासरी हा फसवा आकडा आहे. प्रत्यक्षात कोरडी वर्षं ओळीनं येतात आणि मध्येच एखादं वर्ष धो-धो कोसळतं.

अशा प्रदेशात शोना शेतकऱ्यांचा भरवसा एका खास जागेवर असायचा, तिला इंग्रजी पुस्तकांत दांबो म्हणतात. दांबो म्हणजे पठारावरची उथळ, पसरट, गवताळ खोलगट जागा. आजूबाजूच्या उतारांवरचं पाणी जमिनीखालून झिरपत तिथं येतं आणि कोरड्या महिन्यांतही माती ओली राहते. एकोणिसाव्या शतकात तिथं भातसुद्धा व्हायचा. वाफे उंच करायचे, मध्ये सऱ्या ठेवायच्या, पाऊस जास्त झाला तर पीक वाफ्यावर वाचतं, कमी झाला तर सरीत वाचतं. दोन्हीकडून विमा.

मग गोऱ्या शेतकऱ्यांना ही ओली जमीन गव्हासाठी हवीशी वाटली. त्यांनी चर खणून पाणी काढून दिलं, नांगर घातला, आणि काही वर्षांत ठिकठिकाणी मोठाल्या घळी पडल्या. त्यावर उपाय म्हणून १९२७ च्या पाणी कायद्यापासून ओलसर जागांवर बंधनं यायला लागली. १९४१ मध्ये नैसर्गिक संपत्तीचा कायदा आला, १९५० च्या दशकात ओढ्यापासून ३० मीटरच्या आत शेतीला मनाई झाली. हेतू कागदावर चांगलाच होता, धूप थांबवायची. पण चर मारून दांबो कोरडा करणारा आणि वाफे करून ओल टिकवणारा, यांच्यात कायद्यानं फरकच केला नाही. आणि दंड कुणाला झाला असेल, हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

आता या गोष्टीतलं दुसरं पात्र, एमरी अल्व्हर्ड. हा अमेरिकन माणूस, युटामध्ये वाढलेला, कॉलेजात फुटबॉल खेळलेला, शेतीचं रीतसर शिक्षण घेतलेला. १९१९ मध्ये मिशनरी म्हणून पूर्वेकडच्या माउंट सेलिंडा इथं आला आणि १९२६ मध्ये सरकारनं त्याला आफ्रिकन शेतकऱ्यांना शेती शिकवायला नेमलं. नांगराची सुवार्ता, असंच त्याच्या कामाला म्हटलं जायचं. मला हा माणूस खलनायक वाटत नाही, आणि म्हणूनच तो जास्त इंटरेस्टिंग आहे. त्याला खरंच वाटायचं की आफ्रिकन शेतकरी उत्तम शेती करू शकतो, फक्त त्याला शिकवायला हवं. त्यानं प्रात्यक्षिक प्लॉट केले, शेणखत वापरायला लावलं, पिकांची फेरपालट शिकवली. आफ्रिकन तरुणांना प्रशिक्षण देऊन गावोगाव पाठवलं. त्यांना डेमॉन्स्ट्रेटर म्हणत. शोना भाषेनं तो शब्द चावून आपलासा केला, मुधुमेनी. आजही तिथं सरकारी कृषी सहायकाला मुधुमेनीच म्हणतात. प्रशिक्षण पुरं करणाऱ्या शेतकऱ्याला 'मास्टर फार्मर'चं प्रमाणपत्र मिळायचं, तेही आजपर्यंत चालू आहे.

अडचण शिकवण्यात नव्हती, ती शिकवणं एकाच दिशेनं चालायचं यात होती. शोना बाईच्या शेतात एकाच वावरात नाचणी, मध्ये भोपळ्याचे वेल, चवळी, कडेला भुईमूग, काकड्या असायच्या. अल्व्हर्डच्या डोळ्यांना तो गोंधळ दिसला. एका वावरात एक पीक, सरळ ओळी, बुंधे उपटून साफ केलेलं शेत, ही त्याची 'नीट' शेतीची व्याख्या. आमच्या धंद्यात हा प्रकार रोज दिसतो. नवा माणूस टीममध्ये येतो, जुना कोड बघतो, म्हणतो हे काय गचाळ लिहिलंय, आणि पुसून टाकतो. दोन महिन्यांनी दिवाळीच्या रात्री सर्व्हर पडतो तेव्हा कळतं की ती गचाळ ओळ कशासाठी होती. भोपळ्याची पानं जमीन झाकून ओल धरत होती. चवळी मातीला नत्र देत होती. पाऊस दगा देऊन एक पीक गेलं तर दुसरं हाती लागत होतं. शिवाय ही 'आतली' पिकं बायकांची, घरातल्या कोरड्यासाची होती. एकपिकी शेतात ती गेली आणि विकायचं धान्य तेवढं उरलं.

१९२९ पासून गावंही सरळ केली गेली. एका बाजूला चराई, एका बाजूला वावरं, मध्ये रांगेत घरं. आणि मग आले समतल बांध. धूप थांबवण्यासाठी उताराला आडवे बांध घालायचे आणि प्रत्येकाच्या वरच्या अंगाला चर खणायचा. शोनात त्यांना माकांदिवा म्हणतात. १९४० आणि ५० च्या दशकात हे काम सक्तीचं झालं. आठवडेच्या आठवडे बांध खणा, मजुरी नाही, नाही खणले तर दंड. १९५१ मध्ये 'नेटिव्ह लँड हजबंड्री अॅक्ट' आला, त्यात कुणी किती जमीन कसायची आणि किती गुरं ठेवायची हेही ठरवलं गेलं. लोक इतके चिडले की राष्ट्रीय चळवळीला खेड्यात माणसं मिळाली त्यात या कायद्याचा मोठा हात आहे. दहा वर्षांत सरकारला तो गुंडाळावा लागला.

पण त्या चराची एक तांत्रिक गंमत आहे, आणि आजचा सगळा भाग त्या एका गमतीवर उभा आहे. हे चर नावाला समतल होते. त्यांना एका टोकाकडे किंचित उतार दिलेला असायचा, म्हणजे पावसाचं जादा पाणी हळूहळू वाहत शेताबाहेर जाईल. जिथं खूप पाऊस पडतो तिथं हे अगदी बरोबर. पण झ्विशावानेसारख्या कोरड्या भागात? तिथं सरकार शेतकऱ्याला राबवून त्याच्याच शेतातलं पाणी व्यवस्थित बाहेर काढून देत होतं. माती थोडी वाचली, ओल गेली.

आता फिरींकडे येऊ. जन्म १९२७ चा. रेल्वेत नोकरी करायचे. १९६४ मध्ये राजकीय कामात भाग घेतो म्हणून नोकरी गेली, पुन्हा कुठं मिळणार नाही अशी व्यवस्थाही झाली. घरात खाणारी तोंडं आठ. हातात काय, तर टेकडीच्या उतारावरची घरची जमीन आणि एक बायबल. एदेन बागेचं वर्णन ते पुन्हा पुन्हा वाचायचे, आणि त्यांच्या लक्षात राहिलं ते म्हणजे त्या बागेत पाणी आहे, नद्या आहेत. मग त्यांनी जे केलं त्याला मी संशोधन म्हणतो, आणि हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. पाऊस आला की ते बाहेर जायचे आणि पाण्याच्या मागे चालायचे. कुठून येतं, कुठं वेग घेतं, कुठं थांबतं, कुठली माती जास्त दिवस ओली राहते. एक-दोन पावसाळे नाही, वर्षानुवर्षं. डेटा गोळा करणं यापेक्षा वेगळं काय असतं?

त्यांच्या जमिनीच्या माथ्यावर उघडा कातळ आहे, ग्रॅनाइटचा. पाऊस पडला की त्यावरून पाणी सुसाट खाली यायचं आणि जाताना माती घेऊन जायचं. फिरींनी कातळाच्या खालच्या बाजूला ठिकठिकाणी कोरड्या दगडांच्या बुटक्या भिंती रचल्या. सिमेंट नाही, मुद्दाम फटी ठेवलेल्या. पाणी अडवायचं नव्हतं, त्याचा वेग मोडायचा होता. वेग मोडलेलं पाणी खाली एका मोठ्या तळ्यात यायचं. त्या तळ्याला फिरींनी नाव ठेवलं होतं 'इमिग्रेशन सेंटर'. पाहुण्यांना ते समजावून सांगायचे, की हे पाणी माझ्या जमिनीत नवीन आलंय, इथं त्याची नोंद होते, मग मी त्याला आत राहायला जागा देतो. ज्या माणसाला त्याच्याच देशात कुठं राहायचं आणि कुठं नाही हे कागद दाखवून सांगितलं जायचं, त्यानं हे नाव ठेवलंय. मला ते नुसतं गमतीदार वाटत नाही.

तळ्याला खाली अस्तर नव्हतं. पाणी साठवणं हा त्याचा उद्देशच नव्हता, पाणी जमिनीत जावं हा होता. आणि त्यातून त्यांना एक मोजपट्टी मिळाली. एका हंगामात ते तळं तीनदा भरलं, तर पुढची दोन वर्षं पुरेल एवढी ओल जमिनीत गेली असं ते धरायचे. सेन्सर नाही, ॲप नाही, एक तळं आणि एक काउंटर.

त्याखाली मुख्य शेत. तिथं सरकारी चर आधीच होते, बुजवले असते तर आणखी एक खटला. फिरींनी चर बुजवले नाहीत. त्यांनी चरांच्या तळाशीच मोठमोठे खड्डे खणले. एकेक खड्डा साधारण साडेतीन मीटर लांब, मीटरभर रुंद, पुरुषाच्या छातीपर्यंत खोल. आता तेच पाणी, जे शेताबाहेर निघालं होतं, वाटेत एका खड्ड्यात पडायचं, तो भरला की पुढच्यात. पाऊस थांबला की खड्डे हळूहळू दोन्ही अंगांनी जमिनीला पाणी पाजायचे. खड्ड्यांच्या कडेनं झाडं. आंबा, पेरू, पपई, आणि त्यासोबत मुन्यी, मुचाकाता अशी तिथली रानफळंसुद्धा. कायद्यानं सांगितलेला बांध जागच्या जागी, फक्त त्याचं काम नेमकं उलटं करून टाकलेलं.

आणि अगदी खाली, उताराच्या पायथ्याशी, ज्या ओल्या पट्ट्यावरून खटले झाले तो भाग. वर जिरवलेलं पाणी जमिनीखालून तिथं यायचं. विहिरी, तळी, तळ्यांत मासे, भोवती केळी, ऊस, आणि काठ धरून ठेवायला बोरू. सरकार म्हणत होतं ओल्या जागी शेती केली की धूप होते. फिरींचं म्हणणं, धूप वर होते, तिथं पाणी मोकाट सुटलेलं असतं. वरचं काम नीट केलं तर खालची ओली जागा उलट बळकट होते. माती आणि पाणी यांचं लग्न लावतोय, असं ते म्हणायचे. शेवटी तिसऱ्या खटल्यात त्यांनी मॅजिस्ट्रेटलाच शेत बघायला बोलावलं. साहेब आले, हिंडून पाहिलं, आणि फिरींना शेती करायची मोकळीक मिळाली.

गोष्ट इथं गोड झाली असती. पण १९७० च्या दशकात स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. गनिमांना मदत करतो या संशयावरून फिरींना पुन्हा पकडलं, त्यांचा छळ झाला, पायात बेड्या पडल्या. त्या बेड्यांतून ते सुटले तेव्हा देश स्वतंत्र होत होता. १९८० साली झिम्बाब्वे झालं.

आता कुणालाही वाटेल, की नवं सरकार, आपली माणसं, म्हणजे जुने नियम गेले. नाही गेले. ओढ्याकाठचा ३० मीटरचा नियम तसाच राहिला. कृषी खात्यात तीच पुस्तकं, तेच उतार दिलेले चर, तेच मास्टर फार्मरचे वर्ग. अल्व्हर्डनं तयार केलेली चौकट इतकी मुरली होती की ती आता कुणाची वाटतच नव्हती, 'शास्त्रीय' वाटत होती.

बदल आला तो कडेकडेनं. १९८० च्या दशकात काही संशोधक झ्विशावानेच्या परिसरात राहायला आले आणि गावकऱ्यांना प्रश्नावली देण्याऐवजी त्यांच्याबरोबर काम करायला लागले. १९८८ मध्ये शेतकऱ्यांनीच चालवलेल्या संशोधनावर एक लेख आला. त्याचे लेखक तीन, इयन स्कून्स, केन विल्सन, आणि त्यांच्या आधी पहिलं नाव मासेको. तीनदा पकडला गेलेला शेतकरी, पहिला लेखक. दुसरीकडे दांबोंवर मोजमापं झाली आणि असं दिसलं, की छोट्या बागा करून ओल वापरली तर दांबो बिघडत नाही. तोवर फिरींनी शेजारच्या गावांसाठी झ्विशावाने वॉटर प्रोजेक्ट ही संस्थाही काढली होती. देशोदेशीचे पाहुणे येऊ लागले. २००६ मध्ये नॅशनल जिऑग्राफिक आणि बफे यांचा आफ्रिकेतल्या निसर्गरक्षणासाठीचा पुरस्कार त्यांना मिळाला. २०१५ मध्ये ते वारले.

इथवर पाण्याचं झालं. पण ताटाचं काय? कारण ही फक्त चरांची गोष्ट नाही.

झिम्बाब्वेत जेवण म्हणजे सादझा. पिठाचा घट्ट गोळा, हातानं मोडून पालेभाजीबरोबर किंवा कालवणाबरोबर खायचा. आज सादझा म्हटलं की पांढऱ्या मक्याचा, शुभ्र. पण मका अमेरिकेतून आला, पोर्तुगीजांच्या हातून आफ्रिकेत शिरला. त्याआधी सादझा असायचा झ्वियोचा, म्हुंगाचा आणि मापफुंदेचा. नावं परकी वाटतात ना? झ्वियो म्हणजे नाचणी. म्हुंगा म्हणजे बाजरी. मापफुंदे म्हणजे ज्वारी. तिन्ही धान्यं मुळात आफ्रिकेतली. नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली, ज्वारी सुदानच्या बाजूची, बाजरी सहाराच्या दक्षिणेची. हजारो वर्षांपूर्वी ती समुद्रापलीकडून आपल्याकडे आली आणि आपण ती आपल्या आजीची करून टाकली. भाकरी अस्सल मराठी आहेच, पण तिचं धान्य स्थलांतरित आहे. फिरींच्या भाषेत सांगायचं तर कधीतरी इमिग्रेशन सेंटरमधून आलेलं.

मक्यानं ही धान्यं ढकलली ती नुसत्या चवीनं नाही. मका लवकर सोलता येतो, त्याला पाखरं कमी लागतात कारण दाणा पानांत झाकलेला असतो, आणि खाणींतल्या मजुरांना रेशन म्हणून मक्याचं पीठ मिळायचं. १९३१ मध्ये मका नियंत्रण कायदा आला आणि १९३४ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. परिणाम असा, की गोऱ्या शेतकऱ्याच्या मक्याला वरचा भाव आणि आफ्रिकन शेतकऱ्याच्या मक्याला खालचा. म्हणजे आधी शिकवायचं की मका लावा, आणि पिकवला की भाव पाडायचा. त्याच काळात सॅलिस्बरीच्या संशोधन केंद्रात संकरित मक्यावर काम सुरू झालं होतं. १९६० मध्ये एसआर ५२ हे वाण आलं, जगात व्यापारी प्रमाणावर घेतलेलं पहिलं एकेरी संकरित वाण. संशोधन म्हणून अव्वल दर्जाचं, यात शंका नाही. पण ते उशिरा पिकणारं, भरपूर पाऊस मागणारं. म्हणजे चांगल्या जमिनीवरच्या मोठ्या शेतासाठी बांधलेलं. नाचणीवर असं काम करायला त्या केंद्रात कुणाला घाई नव्हती.

मग नाचणी टिकली कशी? याचं एक उत्तर मला फार आवडलं. ती बियरनं टिकवली. शोना घरात पूर्वजांसाठी बिरा नावाचा विधी होतो, रात्रभर वाजवणं, नाचणं, आणि पूर्वजांना बियर. ती नाचणीची माल्ट घालूनच करायची अशी रीत. मक्याची पूर्वजांना चालत नाही. त्यामुळे घरचं खाणं मक्यावर गेलं तरी प्रत्येक घरी नाचणीचा एक तुकडा राहिला, त्याचं बी राहिलं, ते निवडायचं कसं, राखेत ठेवायचं कसं हे बायकांच्या हातात राहिलं. मिशनरी या बियरच्या विरोधात होते, आणि पुढे दारू वर्ज्य मानणारे आफ्रिकन चर्चही वाढले. जिथं बिरा बंद झाला तिथं नाचणीचा तुकडाही गेला. कुठल्याही जीन बँकेइतकंच हे महत्त्वाचं कोठार, आणि ते चालत होतं श्रद्धेवर. नाचणीचा दुसरा गुण म्हणजे तिला सहसा किडा लागत नाही, ती कणगीत वर्षानुवर्षं राहते. म्हणून गावाच्या मुखियाच्या नावानं सगळ्यांनी मिळून कसायचं एक शेत असायचं, झुंदे रा माम्बो. त्याचं धान्य दुष्काळाला, म्हाताऱ्यांना, अनाथांना. १९९० च्या दशकात ही पद्धत काही ठिकाणी पुन्हा सुरू झाली.

धान्याबरोबर बाकीचं ताटही असतं. चवळीचा आणि तिळवणीचा पाला उकडून वाळवलेला, त्याला मुफुश्वा म्हणतात, कोरड्या महिन्यांत शेंगदाण्याच्या कुटात शिजवायचा. मोपानीच्या झाडावरच्या अळ्या, मदोरा, वाळवून ठेवायच्या. न्यिमो नावाची, जमिनीत शेंगा धरणारी उसळीची डाळ. ही रेसिपीची यादी नाही, हे कॅलेंडर आहे. कुठल्या महिन्यात काय संपणार आणि तेव्हा काय काढायचं, याचं.

शिक्षण आता उलट्या दिशेनंही चाललंय. १९८८ मध्ये हरारेजवळ फांबिझानाई नावाचं प्रशिक्षण केंद्र निघालं, पर्माकल्चर शिकवणारं. पूर्वेकडच्या चिमानिमानी जिल्ह्यात चिकुक्वा गावांतले झरे आटले होते. १९९० च्या दशकात तिथल्या लोकांनी स्वतः बांध घातले, डोंगरमाथ्यावर झाडं वाढू दिली, झऱ्यांभोवती गुरं जाऊ दिली नाहीत. झरे परत आले. मास्विंगो प्रांतात शाशे इथं पूर्वी गुरांचा मोठा खासगी फार्म होता. २००० च्या सुमाराला तिथं भूमिहीन कुटुंबं येऊन बसली, आणि आज तिथं शेतकरीच शेतकऱ्यांना शिकवतात अशी कृषी-परिस्थितिकीची शाळा आहे. वर्ग म्हणजे कुणाचं तरी वावर. बी-बियाण्याच्या जत्राही भरतात. बायका आपापल्या वाणांची गाडगी मांडून बसतात आणि मूठ-मूठ अदलाबदल होते.

पण सगळं छान छान नाही, आणि मला ते तसं सांगायचंही नाही. २०२० मध्ये सरकारनं फुम्वुद्झा नावाची योजना आणली. १६ बाय ३९ मीटरचा तुकडा, त्यात ५२ ओळी, एका ओळीत २८ खड्डे, एकूण १,४५६. आठवड्याला एक ओळ, म्हणजे वर्षभराचं एका घराचं धान्य. इंजिनिअर म्हणून मला हा हिशेब एकदम सुंदर वाटला. कुदळ हातात असणाऱ्याला तो तसा वाटेलच असं नाही. अशा खड्डे-शेतीला 'खणा आणि खा' असं प्रचारात म्हटलं जायचं. लोकांनी त्याचं 'खणा आणि मरा' करून टाकलं, धिगा उफे. काहींना उत्पन्न खरंच वाढलेलं मिळालं, पण बी आणि खताचं पाकीट हवं तर आधी खड्डे दाखवा अशी अट आली की माकांदिवाची आठवण यायचीच. फिरींनीही आयुष्यभर खड्डेच खणले. फरक इतकाच, की कुठं खणायचा हे त्यांना पाण्यानं सांगितलं होतं, सोळा बाय एकोणचाळीसच्या तक्त्यानं नाही.

दुसरी अडचण त्याहून अवघड. २०२४ मध्ये एल निनोच्या दुष्काळात मका करपला, राष्ट्रीय आपत्ती जाहीर झाली, आणि पुन्हा सगळे ज्वारी-बाजरी लावा म्हणू लागले. बरोबरच आहे, ती तगते. पण ज्वारीवर क्वेलिया नावाची छोटी लाल चोचीची पाखरं येतात, लाखांच्या थव्यानं. पूर्वी ती राखायला पोरं बसायची, पहाटेपासून, ओरडत आणि गोफणी मारत. आता पोरं शाळेत जातात, आणि जायलाच हवीत. तरुण शहरात, किंवा सीमेपलीकडे दक्षिण आफ्रिकेत कामाला. मग राखण कुणी करायची? म्हातारी एकटी किती ओरडणार? पारंपरिक ज्ञान म्हणतो तेव्हा त्यात ही पोरांची फुकटची मजुरीही धरलेली असते. मळणी आणि पाखडणी तर सगळी बायकांच्या अंगावर. नाचणी परत आणा म्हणणाऱ्या कुठल्याही भाषणात मला हा हिशेब मांडलेला सहसा दिसत नाही.

सरकार थव्यांच्या वस्तीवर विषारी फवारणी करतं. त्यात बाकीचे पक्षीही मरतात. काही भागांत लोक वेगळं करतात. रात्री थवा बोरूत झोपला की जाळी टाकून पकडतात, सोलतात आणि तळतात. हंगामभर ज्वारी खाऊन गुबगुबीत झालेली पाखरं, आणि त्यांच्यासोबत सादझा.